गमतीच्या फुलदाण्या

माझ्या फुलदाण्यांना नाक असतं. काहींचं पोट सुटलेलं असतं, एक कायम शेजारच्या भिंतीवरून डोकावल्यासारखी तिरकी उभी असते, एकीचे दोन्ही हात कमरेवर असतात आणि फुलं खोचायची जागा म्हणजे तिचं आ वासलेलं तोंड. चिनी मातीच्या, पांढऱ्याशुभ्र, हात फिरवला तर गार लागणाऱ्या. हल्ली अशा वस्तूंना मागणी आहे. पुण्या-मुंबईच्या आणि आता नागपूरच्याही नव्या फ्लॅटांत भिंती पांढऱ्या, सोफा राखाडी, पडदे त्याहून राखाडी, आणि मग त्या सगळ्यात जरा जीव यावा म्हणून दारासमोरच्या अरुंद टेबलावर माझी एखादी नाकवाली बाई ठेवतात. घरं सजवून देणाऱ्या एक तरुण मॅडम आहेत. त्या मला फोनवर सांगतात, "मावशी, या वेळी जरा जास्त फनी करा हं. त्यांना एकदम हॅपी कॉर्नर हवाय." मी बरं म्हणते. मग काम झालं की त्या फोटो पाठवतात. एवढा मोठा दिवाणखाना, पण कुठे चपलांचा जोड नाही, कुठे अर्धवट प्यायलेला चहा नाही. लोक मला विचारतात, हे असं सुचतं कुठून, तुम्ही घरी फार मजेत असणार. मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात मजा फार कमी आहे, म्हणून ते इथे लिहून ठेवते.

बाबा फॉरेस्ट गार्ड होते. त्यांची बदली भामरागडच्याही पलीकडे, नदी ओलांडून जायच्या एका गावी झाली होती आणि तिथली शाळा सातवीला संपत होती. दोघे भाऊ लहान, ते आईजवळ राहिले. मी पुढची तीन वर्षं चंद्रपूरच्या वसतिगृहात काढली. तिथे निदान चाळीस मुलींचा कलकलाट होता. दहावीला मी गणितात आपटले. मनातून मला बरंच वाटलं, कारण आता तरी घरी नेतील अशी माझी समजूत होती. पण बाबा आले ते एक अर्ज घेऊन. भद्रावतीला गावाबाहेर चिनी मातीची भांडी करायला शिकवणारं एक केंद्र होतं, तिथे मुलींना घेत होते, आणि त्याच गावात आमची मोठीमाय राहत होती. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा खाणीत कामाला होते, ते छातीच्या दुखण्याने जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मला तिच्या दारात सोडून निघताना बाबा म्हणाले, "एक हंगाम शिकून पाह्य. पाऊस उघडला का तुही माय येईन इथी. तिले साफ सांगजो. गमत नसंल त तिच्यासंग वापस येजो. कोनी काई म्हननार नाई."

आमच्याकडे करमण्याला गमणं म्हणतात. नवी सून माहेरी आली की पहिला प्रश्न तोच, गमते का वो तिथी. त्यावर सगळ्या सुना हो म्हणतात, हा भाग वेगळा. मी मात्र बाबांची पाठ वळायच्या आत उत्तर ठरवून टाकलं होतं. आई आली की म्हणायचं, गमत नाई. एवढे दोन शब्द बोलले की मी सुटले. तोवर चार महिने कसेतरी काढायचे होते.

मोठीमायचं घर म्हणजे कवेलूच्या छपराखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब फळी, फळीच्या एका टोकाला छोटी बुद्धमूर्ती आणि बाकी सगळी घासूनपुसून पालथी घातलेली पितळी भांडी. मागे स्वयंपाक. कोळशाच्या गावात चुलीपेक्षा सिगडी जास्त, आणि दिवस कलला की सगळ्या आळीतल्या सिगड्या दाराबाहेर पेटायला ठेवलेल्या असत. तो धूर जमिनीलगत पसरायचा, आणि धुरापलीकडून बाया एकमेकींशी बोलायच्या, त्यांचे फक्त आवाज यायचे. मोठीमाय सिगडी ठेवून आत निघून जायची. ती भांडकुदळ नव्हती, वाईट तर मुळीच नव्हती, पण बोलायची सवयच तिची मोडली होती. "जेव." "दार लाव." "पाऊस येते." दिवसभरात एवढीच वाक्यं, आणि तीही माझ्याकडे न पाहता. पहिले काही दिवस मला वाटलं, मी तिला नकोशी आहे. मग एकदा भात करताना तिच्या मापाकडे लक्ष गेलं. मी एकदा चंद्रपूरला वसतिगृहातल्या मैत्रिणींना भेटायला गेले होते आणि जेवायला नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी परत आले तेव्हा पातेल्यात माझ्या वाटचा भात तसाच होता. शेजारणीने सांगितलं, मोठेबाबा गेल्यापासून ही बाई दोघांचाच भात रांधते, आणि उरलेला सकाळी पाणी घालून एकटी खाते. म्हणजे मी आल्यामुळे तिला एक मूठही जास्त टाकावी लागली नव्हती. मी मोठेबाबांचा भात खात होते. त्या दिवसापासून मला तिची भीती वाटेनाशी झाली, पण तो घास मात्र जरा जड जायला लागला. भात, लाखोरीची पातळ डाळ, जवसाची चटणी. चव चांगली होती. जेवताना कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

केंद्र गावाबाहेर होतं आणि त्याच्यापलीकडे खाण. रोज दुपारी खाणीत सुरुंग लावायचे. आधी भोंगा व्हायचा, मग काही वेळाने जमीन एकदा खालून ढकलल्यासारखी हलायची. गावातल्या बायांना त्याची इतकी सवय की भोंगा झाला की हातातलं काम न थांबवता दुसरा तळहात भांड्यांच्या फळीवर टेकवायच्या. मोठीमायसुद्धा. आमच्या केंद्रात त्याचा वेगळाच नियम होता. ओली चिनी माती चाकावर असताना एवढासा धक्काही तिला पुरतो. म्हणून भोंगा झाला की चाक थांबवायचं आणि हात वर करायचे. पंधरा-सोळा जणी आणि तीन-चार पुरुष, कोपरापर्यंत पांढऱ्या चिखलाने माखलेले हात वर करून गप्प बसलेले, जणू कोणी दरोडा घालायला आलंय. सुरुंग उडायचा, छपरातून धूळ पडायची, मग शिकवणारे डोमाभाऊ म्हणायचे, "चला," आणि पुन्हा चाकं फिरायला लागायची.

डोमाभाऊ जातीचे कुंभार, हाडाने बारीक, आणि थट्टेखोर. माझं नाव रंजना आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "रंजना का रांजन?" सगळे हसले, आणि मी अशी काही मान खाली घातली की पुढे त्यांनी मला छेडणंच सोडलं. त्याचं मला वाईट वाटलं. गप्प माणसाला लोक सांभाळून घेतात, आणि सांभाळून घेतलेल्या माणसाजवळ कोणी बसत नाही. दुपारचे डबे सोडताना इतर मुली गोल करून बसायच्या, मी माझ्या चाकाशीच खायची. त्यांनी मला बोलावलं नाही असं नाही. दोनदा बोलावलं, मी "हाव, येतो" म्हटलं आणि गेले नाही. तिसऱ्यांदा कोण बोलावेल? रविवारी मी एसटी स्टँडवर जायची. आलापल्लीकडून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारायची, "नदी उतरली का, भाऊ?" तो म्हणायचा, "नाई उतरली, बाई." पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तुटला की तुटला. पत्र नाही, निरोप नाही. त्या पाण्यापलीकडे आई काय करत असेल हे मला फक्त कल्पनेनेच पाहावं लागायचं, आणि माझ्या कल्पनेत ती नेहमी कमरेवर हात ठेवून अंगणात उभी असायची.

तर एका दुपारी मी हीच कल्पना करत चाकावर बसले होते. सरळ गळ्याची फुलदाणी काढायची होती. डोमाभाऊंनी बारा सांगितल्या होत्या, ही माझी नववी. मला भोंगा ऐकूच आला नाही. सगळ्यांचे हात वर गेले, माझेच काय ते मातीवर. सुरुंग उडाला आणि मी दचकले. फुलदाणीचा गळा एका बाजूला कलला. डोमाभाऊंची पाठ होती. वाकडं झालं की त्यांचा एकच शब्द असायचा, "मळ." म्हणजे पुन्हा गोळा करून माती मळायची. पण नववी मळायची म्हणजे सगळ्यांनी बघायचं, आणि ते मला नको होतं. मी हलक्या हाताने गळा सरळ केला, इतका सरळ की माझं मलाच ओळखू येईना. जरा सुकल्यावर इतरांसारखे तिलाही दोन छोटे कान चिकटवले आणि बाकीच्या अकरांत उभी करून दिली.

चिनी मातीचं एक असतं, जे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आता मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगते. ती ध्यानात ठेवते. ओली असताना वाकली असेल आणि तुम्ही तिला सरळ केलं असेल, तरी भट्टीच्या आचेत ती पुन्हा वाकते, तितकीच आणि त्याच बाजूला. भट्टी थंड झाल्यावर दार उघडलं तेव्हा अकरा फुलदाण्या शिपायांसारख्या उभ्या होत्या आणि बारावी कंबर काढून शेजारणीकडे झुकली होती. नुसती झुकली नव्हती, जरा पिळलीही होती, त्यामुळे तिचा एक कान पुढे आला होता आणि तो कान राहिला नव्हता. ते सरळसरळ नाक होतं.

मी मनाची तयारी केली, आता बोलणी बसणार. डोमाभाऊंनी ती हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाले, "अरे बापा. हे त आपली अनसूयाबाई व्हय." अनसूयाबाई म्हणजे केंद्राच्या कुंपणाला लागून चहाची टपरी चालवणारी बाई. आत कोण काय करतं हे पाहायला ती दिवसातून वीस वेळा भिंतीवरून डोकवायची, अगदी तशीच, नाक पुढे करून. सगळा वर्ग फुटला. कोणीतरी जाऊन खुद्द अनसूयाबाईला घेऊन आलं. तिने फुलदाणी लांब धरून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "माहं नाक एवढं हाये का गा, डोमा?" मग तीच सगळ्यांत जास्त हसली. डोमाभाऊंनी विचारलं, कोणाची ही? मी हात वर केला. सोळा जणी वळून माझ्याकडे पाहत होत्या, आणि पाहताना हसत होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणी माझ्याकडे हसून पाहत होतं. तुम्हाला हे फार क्षुल्लक वाटेल. मला त्या दिवशी घरी जाताना पावलं जमिनीवर टेकल्याचं आठवत नाही.

मग मला चटकच लागली. आता मी मुद्दाम वाकडं काढायला लागले. डोमाभाऊंनी त्याला शिस्त लावली, "पयले बारा सरळ, मंग एक वाकडी." म्हणून मी सरळ बारा इतक्या भराभर काढायला शिकले की तीच माझी खरी विद्या झाली. तेराव्या फुलदाणीत कोणीतरी माणूस असायचं. पोस्टमन निघाला, दोन्ही गाल फुगवलेला. डोमाभाऊ निघाले, बारीक, लांब, आणि तोंड एका कोपऱ्यातून उघडं. दुपारच्या डब्याला आता मुली माझ्या चाकाभोवती येऊन बसायच्या, आज कोण होणार ते पाहायला. मी बोलायची नाही फारसं. माझ्या वतीने फुलदाण्याच बोलायच्या.

पहिली नाकवाली मी मोठीमायला नेऊन दिली. तिने ती उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "फुलं कुठी आहेत ठेवायले?" बरोबर होतं. आमच्या घरी फुलं विकत आणून फुलदाणीत घालायची रीत कोणाची होती? तिने त्यात डाव आणि दोन पळ्या उभ्या केल्या आणि फळीवर बुद्धमूर्तीपासून जरा अंतरावर ठेवली. दोन दिवसांनी मी अंगणात हात धूत होते आणि आतून मोठीमायचा आवाज आला. कोणी आलं असेल म्हणून डोकावले, तर कोणी नव्हतं. ती डाव काढून घेताना फुलदाणीला म्हणत होती, "सर की बाजूले. किती पाह्यशीन?" मी बाहेरच थांबले. मला हसू आलं आणि पाठोपाठ राग आला. मला दोन शब्द, आणि त्या मातीला पाच. पण मग हळूहळू ती माझ्याशीही बोलायला लागली, सरळ नाही, फुलदाणीमार्फत. "सांग वो तिले, आज पानी येते म्हनाव, छत्री घेऊन जाय." मी म्हणायची, "सांग तिले, घेतली म्हनाव." असा आमचा संसार सुरू झाला.

हल्लीच नागपूरला एका घरी फुलदाणी पोचवायला मी स्वतः गेले होते. निवृत्त गृहस्थ, एकटे. परदेशातल्या मुलाने तिथूनच घर सजवून दिलेलं. सगळं ऐटबाज, दिवे लपवलेले, भिंतीवर एकच मोठं चित्र. त्यांनी मला सरबत दिलं आणि आधीची फुलदाणी दाखवत जरा ओशाळून म्हणाले, "मी हिला सकाळी गुड मॉर्निंग म्हणतो. मुलाला सांगू नका." मी म्हटलं, सगळेच म्हणतात. खरं तर मला फक्त मोठीमायच माहीत होती. पण त्यांना तेवढं पुरलं.

हे वाचून कोणाला वाटेल की मग मला गमायला लागलं असेल. मुळीच नाही. दिवसा केंद्रात चार लोक हसायचे, पण दिवेलागणीला धुराच्या वेळी मी पायरीवर बसले की धुरापलीकडचा प्रत्येक आवाज मला आईचा वाटायचा. आणि त्या वेळांतूनच पुढच्या फुलदाण्या आल्या. मिशीवाले बाबा केले, डोक्यावर सरकारी टोपी. दोघे भाऊ केले, एकाच तळावर दोन गळे, एकमेकांना ढकलणारे. आणि आई केली, दोन्ही हात कमरेवर, तोंड उघडं, जशी ती अंगणातून आम्हाला हाक मारायची तशी. तिच्यावर मी आठ दिवस घालवले. या चौघांना मी जेवताना फळीवरून काढून समोर भिंतीशी मांडायची. एकदा मोठीमायने विचारलं, "यायच्यात तुहे मोठेबाबा नाई?" मी म्हटलं, मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. ती म्हणाली, "हाव, बरोबर हाये," आणि ताटात हात धुतला.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि एका रविवारी ड्रायव्हर आपण होऊन म्हणाला, "उतरली बाई, नदी." त्यानंतर पाचव्या दिवशी मी केंद्रातून घरी आले तर दारात आईच्या चपला. मी आत धावले आणि दारातच थबकले. आई निम्मी झाली होती. पावसाळाभर ताप येत-जात राहिला होता, गालाची हाडं वर आली होती, केस विरळ झाले होते. ती मोठीमायच्या खाटेवर बसून पदरात चारोळीची चारं सोलत होती, माझ्यासाठी आणलेली. सोबत वाळवलेल्या वास्त्यांची पुरचुंडी. बांबूचे ते कोवळे कोंब मला जीव की प्राण. मी तिला मिठी मारली तेव्हा तिची हाडं मला लागली. मनात ते दोन शब्द तयार होते, जिभेच्या टोकावर होते. पण तिने विचारलं नाही. ती फळीकडे पाहत होती.

"हे काय व्हय वो सारं?"

फळीवर एव्हाना सतरा-अठरा जण दाटीवाटीने उभे होते. पितळी भांडी मोठीमायने कधीच मागच्या खोलीत हलवली होती. मला सांगायची गरज पडली नाही, मोठीमायच उठली, आणि जन्मात एवढं बोलली नसेल एवढं बोलली. हा पोस्टमन, याले पान्याचा लई कंटाळा. हे अनसूयाबाई, हिच्या नाकाखाली काई ठेवू नको. आई एकेक हातात घेत गेली. पोस्टमनला हसली, डोमाभाऊंना हसली, बाबांची टोपी पाहून तिला ठसकाच लागला. शेवटी तिने ती कमरेवर हात ठेवलेली उचलली.

"आन हे कोन?"

"तू," मी म्हटलं.

आईने फुलदाणी नाकासमोर धरली. लठ्ठ, रागावलेली, पितळेच्या घंटेसारख्या आवाजाची ती बाई, आणि तिला धरणारे हे काटकुळे हात. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खाटेची दोरी करकरेपर्यंत हसली. मोठीमायही हसली. आईला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "मले वाटलं, पोर रडून राह्यली असंल," ती डोळे पुसत मोठीमायला म्हणाली, "आन हे त इथी गंमत करून राह्यली." मोठीमाय म्हणाली, "रमली पोर. मलेबी बरं झालं." आणि माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

तिथेच मी बोलायला हवं होतं. त्या दिवशी वेळ होता, दुसऱ्या दिवशीही होता. आई दोन दिवस राहिली. वास्त्याची भाजी झाली, आणि आई न थांबता बोलत राहिली, जणू चार महिन्यांचं तुंबलेलं. नदी किती चढली, भाताची बांधी कशी फुटली, भाऊ कसे मारामाऱ्या करतात. "तुहे बाबा आठ-आठ दिवस जंगलात," ती सांगत होती, "पोरं शाळेत. गावातल्या बायांची माडिया बोली मले अजून समजत नाई. थ्या हासते, मी हासतो. मंग मी कोंबड्याइसंग बोलतो. एका कोंबडीचं नाव मी रंजना ठेवलं. थेबी तुह्यासारखीच, बोलावलं का येत नाई." आम्ही तिघी पोट धरून हसलो. मी तर सगळ्यांत जास्त. मी तिला म्हटलंसुद्धा, तुझी कोंबडी मी फुलदाणीत काढते. प्रत्येक वेळी ती हसली की मला वाटायचं, आता नको, हे हसू मोडायला नको, उद्या सांगू. तापाने एवढी झिजलेली बाई किती दिवसांनी हसते आहे, आणि मी तिला काय सांगू, की हे सगळे नाकवाले माझ्या रडण्यातून झालेत?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. मोठीमायने तिच्या पिशवीत लाडू घातले आणि ती घरीच थांबली. मला वाटतं, मुद्दाम. आईने स्वतःसाठी एकही फुलदाणी घेतली नाही. वाटेत फुटतील म्हणाली, आणि त्या इथेच बऱ्या दिसतात म्हणाली. आलापल्लीची गाडी लागलेली होती. आई पायरीशी थांबली, माझा हात धरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने तो प्रश्न विचारला. हसत नाही, अगदी बारीक आवाजात.

"गमते ना वो तुले इथी? खरं सांगजो."

माझ्या मागे स्टँडवरची सगळी माणसं होती, समोर ती होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते कालचं हसू अजून जरासं शिल्लक होतं. मी म्हटलं, "गमते."

तिने माझा हात सोडला नाही. मग म्हणाली, "मंग बरं. मंग मी एकटीच जातो."

कंडक्टरने घंटी मारली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी हलली तेव्हा तिने काठावरून हात बाहेर काढला. मीही हात केला. दोघी हसत होतो. गाडी स्टँडच्या कमानीतून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली, आणि मी तिथेच उभी होते तेव्हा ते वाक्य माझ्या कानात पुन्हा आलं. एकटीच जातो. एवढ्या तापातून उठून, दोन गाड्या बदलून ती माझी खुशाली विचारायला आली होती असंच मी धरून चालले होते. ती मला न्यायला आली होती. मला गमत नसेल म्हणून नाही. मला गमत नव्हतं ते मी तिला सांगितलं नाही, आणि तिला गमत नव्हतं ते तिने मला हसत हसत सांगितलं होतं, तर मी हसले.